खेळाडू झोपला तरी चालणारं जग: मध्ययुगीन उत्तर कोकणावर सँडबॉक्स खेळ बांधताना

सँडबॉक्स स्ट्रॅटेजी खेळ, म्हणजे ठरलेली गोष्ट नसलेला आणि खेळाडूला मोकळं जग देणारा खेळ, करायला घेणारे बहुतेक नवखे सुरुवात किल्ल्यांपासून करतात. मोठा नकाशा, पन्नास गावं, शंभर सरदार, आणि प्रत्येकाच्या तोंडी दोन वाक्यं. महिनाभरात सगळं उभं राहतं, पण खेळून पाहिलं की गावं रिकामी वाटतात. बाजारात माणसं फिरत असतात, पण ती कशासाठी बाहेर पडली आहेत ते कळत नाही.

जग जिवंत वाटतं ते त्यात काहीतरी कमी असतं म्हणून. एका गावाला मीठ हवं असतं, दुसऱ्याकडे ते पडून असतं, आणि कोणीतरी बैल जुंपून वाटेला लागतं. त्या वाटेवर चोर येतो, चोरामुळे राजाला शिपाई पाठवावे लागतात, शिपायांना धान्य लागतं. हा लेख याच क्रमाने जातो: आधी टंचाई, मग वाट, मग माणूस, आणि लढाई सर्वांत शेवटी.

उदाहरणासाठी नकाशा मुंबई-ठाण्याच्या परिसराचा घेतला आहे. मुंबईत राहणाऱ्याला यातली बरीचशी भूमी लोकलच्या अंतरावर आहे, प्रत्यक्ष जाऊन पाहता येते.

साल ठरवा आणि नकाशा आवळा

«मध्ययुगीन» हे साल होत नाही. १२५५ घ्या. ठाण्याहून उत्तर कोकणावर शिलाहारांचा सोमेश्वर राज्य करतो आहे, घाटमाथ्यावर देवगिरीचे यादव आहेत आणि त्यांना बंदरं हवी आहेत. साधारण १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेवाने शिलाहारांचं राज्य घेतलं; लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख यादवांचा मंत्री हेमाद्री याने केला आहे. म्हणजे तुमच्या खेळाला दहा वर्षांचा ताण आयताच मिळतो. पुढे काय होईल ते मात्र लिहून ठेवू नका. यादवांना बंदराची हाव द्या, सोमेश्वराला आरमार द्या आणि सोडून द्या.

साल ठरलं की काय नको हेही ठरतं. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, तंबाखू हे सगळं अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात आलं. १२५५ च्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरी, आंबट म्हणजे कोकम आणि चिंच. तोफाही नकोत. आणि सलग मुंबई तर मुळीच नको: वरळीची खिंड १८व्या शतकात बांध घालून बुजवली, माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ चा. तुमच्या नकाशावर माहीम, वरळी, परळ, माझगाव ही वेगवेगळी बेटं दिसली पाहिजेत, मधे खाडी आणि चिखल.

पहिल्या आवृत्तीत चार पेठा ठेवा: ठाणे, कल्याण, सोपारा, चौल. त्यांच्या मागे बारा खेडी, त्यांत माहीम, एकसर आणि अंबरनाथ धरा. घाटमाथ्यावरचं जुन्नर हे नकाशाचं दार, तिथून माल येतो आणि तिथे जातो, त्याच्या पलीकडचं काही दाखवायचं नाही. कल्याण ते जुन्नर वाट नाणेघाटातून. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असल्याचं सांगतात. खेळात तिथेच जकात नाका ठेवा.

माल सहाच ठेवा: भात, मीठ, सुकी मासळी, कापड, लाकूड, घोडे. सातवा घालण्याचा मोह होतो, पण सहा मालांचे परस्परसंबंध नीट बसवायलाच दोन-तीन महिने जातात.

दिनदर्शिका: आठ दिवसांचा महिना

खरा तीस दिवसांचा महिना खेळात लांबतो आणि ऋतू बदललेला जाणवतच नाही. बारा महिने, प्रत्येकी आठ दिवस, वर्षाचे ९६ दिवस. एक दिवस ९० सेकंदांचा ठेवला तर वर्ष १४४ मिनिटांत सरतं. मुंबईत खेळ गाडीत उभ्याने मोबाइलवर खेळला जाणार हे गृहीत धरा: दर दिवसाच्या शेवटी खेळ आपोआप जतन व्हायला हवा.

महिन्यांना चैत्र ते फाल्गुन हीच नावं द्या आणि प्रत्येकाला काम द्या. ज्येष्ठाच्या पहिल्या दिवशी समुद्र बंद. श्रावणातल्या पाचव्या दिवशी पौर्णिमा, नारळ वाहिला की गलबतं सुटतात. घाट मात्र भाद्रपद संपेपर्यंत बंद. म्हणजे समुद्र २० दिवस बंद, घाट ३२ दिवस बंद, आणि मधल्या १२ दिवसांत ज्याच्याकडे गलबत आहे त्याचीच चलती. हा एक फरक ठेवलात तर खेळाडू स्वतःहून बंदराकडे वळतो, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. भात कार्तिकात येतं. मिठागरं माघ ते वैशाख चालतात, कारण ऊन लागतं. पहिल्या पावसात उघड्यावर राहिलेलं मीठ विरघळून जातं, तेव्हा ज्येष्ठ १ ला गोदामाबाहेरचं मीठ शून्य करा.

भरतीही घाला, या नकाशाला तिच्याशिवाय अर्थ नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अमावास्येला बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. खऱ्या पंधरवड्यात भरती बारा तास सरकते. तुमचा पंधरवडा चार दिवसांचा, म्हणून ती रोज तीन तास पुढे ढकला. पहिला दिवस अमावास्या: भरती १२ वाजता. दुसऱ्या दिवशी ३, तिसऱ्या दिवशी ६, चौथ्या दिवशी ९, पाचव्या दिवशी पौर्णिमा आणि पुन्हा १२. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. पहिल्या आणि पाचव्या दिवशी उधाण, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती.

याचे दोन नियम पुरेत. उधाणाच्या ओहोटीला बेटांमधल्या उथळ खाड्या दोन तास पायी ओलांडता येतात, एरवी होडी लागते. आणि भरलेलं गलबत खाडीत आत शिरतं ते भरतीलाच. यातून वेढा, पळून जाणं, दबा धरणं हे सगळं निघतं आणि त्यासाठी एकही वेगळी मोहीम लिहावी लागत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. वरळी किंवा माहीमच्या किनाऱ्यावर एका उधाणाला भरती आणि ओहोटी दोन्ही वेळी जाऊन उभे राहिलात, तर चिखल किती उघडा पडतो ते डोळ्यांनी कळेल आणि नकाशा रंगवताना उपयोगी पडेल.

धान्याचा हिशेब

हा भाग सर्वांत कोरडा आणि सर्वांत महत्त्वाचा. संगणकावर एक ओळ लिहिण्याआधी तो वहीत किंवा एक्सेलमध्ये मांडा.

मण प्रांतागणिक वेगळा होता, त्यामुळे खऱ्या वजनात अडकू नका. खेळापुरतं धरा: ४० शेर म्हणजे १ मण, २० मण म्हणजे १ खंडी, आणि एक माणूस दिवसाला एक शेर खातो. म्हणजे ४० माणसं दिवसाला एक मण. हा आकडा तोंडपाठ असू द्या.

एक खेडं घ्या, ६० माणसांचं. वर्षाला खाणार ६० × ९६ ÷ ४० = १४४ मण. कार्तिकात पिकणार २०० मण. त्यातला सहावा भाग राजाचा, ३३ मण. बियाण्याला २० मण. उरले किती? तीन.

हे तीन मण म्हणजे तुमच्या खेळाचा आत्मा. नवखे इथे घाबरून पीक ३०० करतात, आणि मग कोणीच कधी कुठे जात नाही, कारण कोणालाच गरज पडत नाही. तीनच ठेवा.

आता खेळाडू ४० शिपाई घेऊन भाद्रपदात या खेड्यात येतो. पेठेपेक्षा भाव कमी आहे, म्हणून १५ मण विकत घेतो. शिपायांची पंधरा दिवसांची सोय झाली. खेडं मात्र १२ मणांनी खाली गेलं, आणि ६० माणसं दिवसाला दीड मण खातात, म्हणजे कार्तिकाच्या तोंडावर पूर्ण आठ दिवस, अख्खा एक महिना, चुली पेटणार नाहीत. खेळाडूने लुटलं नाही, जाळलं नाही, रोख पैसे मोजले, तरीही. हा परिणाम त्याला पुढच्या फेरीत दिसला की तो नकाशाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

उपासमारीत खेड्याने काय करायचं याचा क्रम ठरवून द्या. आधी कंदमुळं आणि खाडीतली मासळी: गरजेच्या पाव भागापर्यंत भरपाई, पण त्या दिवसांत बाकी काम शून्य. मग पेठेतल्या व्यापाऱ्याकडून उधार. मग पाच-सहा कुटुंबं उठून ठाण्याला जातात. आणि अगदी शेवटी बियाणं. बियाणं आधी खाऊ दिलंत तर गणित कोसळतं: २० पैकी १२ मण खाल्ले तर पुढच्या कार्तिकात २०० ऐवजी ८० मण पिकतील, त्यापुढच्या वर्षी गाव ओसाड, आणि तीन वर्षांत निम्मा नकाशा मेलेला. असा मृत्यूचा फेरा बऱ्याच खेळांच्या पहिल्या चाचणीत दिसतो आणि कारण जवळपास नेहमी हेच असतं: मधल्या पायऱ्या लिहिलेल्याच नसतात.

पेठांकडे येऊ. ठाणे १२० माणसं. कल्याण, सोपारा, चौल प्रत्येकी ६०. एकूण ३०० माणसं, वर्षाला ७२० मण. बारा खेड्यांचा सारा ३३ च्या हिशेबाने ३९६. तूट ३२४ मण. ही तूट मुद्दाम ठेवायची. ती भरून काढायला घाटमाथ्यावरून धान्य उतरतं, आणि बदल्यात मीठ आणि सुकी मासळी चढते. एका बैलावर तीन मण, दहा बैलांचा तांडा, म्हणजे खेपेला ३० मण. वर्षाला अकरा खेपा लागतात. जुन्नर ते कल्याण एका बाजूने पाच दिवस, घाट उघडा असतो ६४ दिवस, म्हणून एक तांडा वर्षाला सहा खेपा करतो. दोन तांडे असले तर कसंबसं भागतं. एक तांडा नाणेघाटात लुटला गेला की ठाण्याच्या बाजारात ते जाणवलंच पाहिजे.

भाव आणि वाटेवरचा माल

भावाचं सूत्र साधं ठेवा:

आजचा खरा भाव = मूळ भाव × √(हवा तेवढा साठा ÷ हाती असलेला साठा)

पेठेला हवा तेवढा साठा म्हणजे ४० दिवसांचा. ठाण्याला दिवसाला ३ मण लागतं, म्हणून १२० मण. हाती ३० मण उरलं तर भागाकार ४, वर्गमूळ २, भाव दुप्पट. कमाल तिप्पट आणि किमान निम्मा अशी मर्यादा घाला. आणि भाव एका दिवसात उडी मारू देऊ नका: रोज फरकाच्या एक पंचमांश सरकवा. १० नाण्यांवरून २० कडे जायचं असेल तर पहिल्या दिवशी १२, मग १३.६, पाच दिवसांत साधारण १६.७. या संथपणामुळेच तांड्याला पोचायला वेळ मिळतो आणि खेळाडूला डाव साधायला.

पावसाळ्यापूर्वीची आगोट, म्हणजे बेगमीची साठवण, विसरू नका. चैत्रापासून पेठांचा हवा तेवढा साठा ४० दिवसांवरून हळूहळू ६० वर न्या. वैशाखात भाव चढतात, गोदामं भरतात, गलबतं शेवटची खेप घाईने करतात. वर्षातला सर्वांत गजबजलेला महिना आपोआप तयार होतो. आगोट नसेल तर पेठा आषाढात अचानक उपाशी पडतात, आणि खेळाडूला वाटतं की संगणक मूर्ख आहे.

ठरलेली चूक इथे होते: ठाण्यात भाव चढला की सगळे व्यापारी एकाच वेळी ठाण्याकडे निघतात, दहा दिवसांनी तिथे धान्याचा डोंगर होतो, भाव पडतो, सगळे एकदम कल्याणकडे वळतात. बाजार झोपाळ्यासारखा झुलत राहतो. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. एक म्हणजे निघालेला माल पोचणाऱ्या पेठेच्या साठ्यात आधीच अर्धा मोजायचा. दुसरा म्हणजे व्यापाऱ्याला सगळ्या पेठांचे आजचे भाव माहीत नसतात, त्याला ऐकलेले भाव माहीत असतात.

हा दुसरा उपाय पुढे बातमीच्या भागात उपयोगी पडणार आहे, तेव्हा तो आत्ताच नीट बांधा. प्रत्येक पेठेकडे इतर पेठांच्या भावांची एक यादी ठेवा आणि प्रत्येक भावापुढे तो कधीचा आहे तो दिवस. तांडा पोचला की त्याची यादी आणि पेठेची यादी ताडून जे नवं असेल ते दोन्हीकडे ठेवायचं. बस.

चोवीस माणसं, त्याहून जास्त नकोत

नाव असलेली माणसं चोवीस ठेवा: एक राजा, तीन सामंत, बारा गावप्रमुख, चार व्यापारी, दोन चाचे, दोन यादव सेनानी. बाकीची गर्दी संख्येने मोजा. दोनशे नावं केलीत तर खेळाडूला एकही लक्षात राहणार नाही.

प्रत्येकाला पाच गोष्टी द्या: कुटुंब, धन, मान, भीती आणि एक हाव. हाव नेमकी असू द्या. «सत्ता हवी» यातून काही घडत नाही. «सोपाऱ्याच्या बंदराची जकात हवी» यातून घडतं. प्रत्येक जण आठ दिवसांतून एकदाच मोठा निर्णय घेतो, म्हणजे रोज तीनच माणसांचा विचार करावा लागतो आणि जुना फोनही दमत नाही. निर्णयासाठी समोरच्या पाच-सहा पर्यायांना गुण द्या, हाव आणि भीती यांनी गुणा, आणि पहिल्या दोनांतला एक नशिबाने निवडा. नेहमी पहिलाच निवडला तर माणूस यंत्र वाटतो. सहांतून कुठलाही निवडला तर वेडा वाटतो.

मग आठवण. प्रत्येकाजवळ आठ आठवणींची जागा. प्रत्येक आठवणीत कोण, काय, कुठे, कधी आणि वजन, उणे शंभर ते अधिक शंभर. रोजच्या व्यवहारातल्या आठवणी महिन्याला दोन गुणांनी शून्याकडे सरकतात. रक्ताच्या, अन्नाच्या आणि शब्द मोडल्याच्या आठवणी सरकत नाहीत. नवी आली आणि जागा नसली की सर्वांत हलकी गळते.

आता वरचं खेडं घ्या. भाद्रपदात १५ मण नेले, आश्विनात पोरं उपाशी राहिली. गावप्रमुखाच्या यादीत उणे ३० ची अन्नाची आठवण बसली. खेळाडू पुढच्या माघात शिपाई मागायला येतो तेव्हा गावप्रमुखाने म्हणायला हवं: «भादव्यात आमच्या कणग्या रिकाम्या करून गेलात. पैसे दिलेत, ते कोणी शिजवून खाल्ले नाहीत.» हे वाक्य लेखकाने त्या प्रसंगासाठी लिहिलेलं नसतं, «अन्न», «भाद्रपद», «पैसे दिले» या तीन खुणांवरून ते निवडलं जातं. अशा खुणांसाठी चाळीस-पन्नास वाक्यं लिहायची तयारी ठेवा. संवादलेखनाचा सगळा वेळ इथेच घाला, कारण आपण केलेलं कोणीतरी लक्षात ठेवलं हे कळलं की खेळाडू त्या जगाचा होतो.

आठवण माणसाबरोबर मरू नये. इथे आपल्या मातीतलंच साधन आहे. बोरिवलीजवळच्या एकसर गावातले वीरगळ पाहून या: दगडावर खालून वर कोरलेली गोष्ट, वल्हवणाऱ्या माणसांच्या रांगांसकट गलबतं, लढाई, आणि सर्वांत वर स्वर्ग. खेळात एखादा नाव असलेला माणूस लढाईत पडला की त्याच्या गावाच्या वेशीवर वीरगळ उभा करा. त्यावर कोण पडला, कोणाविरुद्ध, कोणत्या वर्षी ते येऊ द्या. ज्याने मारलं त्याच्याबद्दल त्या गावाची उणे २० ची आठवण दगड उभा असेपर्यंत टिकते, गावप्रमुख बदलला तरी. दहा वर्षांनी नकाशावर पंधरा-वीस वीरगळ दिसतात, आणि प्रत्येक खेळाडूच्या नकाशावर ते वेगळ्या जागी असतात.

दानासाठी गधेगळ ठेवा. शिलाहारांच्या काळात जमीन दान दिली की वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी असा दगड उभा करत. खेळाडूने एखाद्या गावाला सारा माफ केला तर गधेगळ उभा राहतो. नंतर त्याने किंवा त्याच्या वारसाने तो शब्द मोडला तर दंड फक्त त्या गावापुरता राहत नाही, दगड पाहिलेल्या प्रत्येक तांड्याबरोबर तो पसरतो. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख आहे. या राजवटीचं बांधकाम कसं होतं, खांब किती जाड, शिल्पं कुठवर चढतात, हे खेळाच्या चित्रांसाठी तिथेच अभ्यासा.

चाचे, घोडे आणि गिळंकृत करणारा राजा

चाचे म्हणजे नकाशावर अधूनमधून उगवणारे शत्रू असं करू नका. मार्को पोलोने १३व्या शतकाच्या अखेरीस ठाण्याबद्दल लिहिलं आहे की तिथला राजा चाच्यांशी संगनमत करून होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. हा करार आमच्या मते या प्रदेशावरच्या खेळासाठी मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे. तो सरळ नियम म्हणून घाला. राजाला घोडे हवेत, घोडे समुद्रातून येतात, म्हणून तो चाच्यांकडे काणाडोळा करतो. व्यापारी चिडतात, त्यांची गलबतं चौलकडे वळतात, ठाण्याची जकात घटते, आणि घोड्यांचा फायदा जकातीच्या तोट्याने खाल्ला जातो तेव्हा राजा चाच्यांवर उलटतो. चाच्यांनाही पाणी, तांदूळ आणि दोर लागतात. ते कुठल्या खेड्यातून मिळतात हे शोधून काढणं हा खेळाडूचा उत्तम डाव होतो.

मोठी अडचण वेगळी आहे. जिंकला की मुलूख, मुलूख मिळाला की फौज, फौज मोठी की पुन्हा विजय. २०२० मध्ये «माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड» हा मध्ययुगीन युद्धाचा सँडबॉक्स खेळ सुरुवातीच्या आवृत्तीत आला तेव्हा एकच राज्य सगळा नकाशा गिळतं ही खेळाडूंची मोठी तक्रार होती. अनुभवी चमूलाही हे चुकत नाही. हरणाऱ्याला गुपचूप फौज देऊन हे झाकू नका, खेळाडूला ते लगेच दिसतं. जिंकणाऱ्याचा खर्च वाढवा. फौज घरापासून जितके दिवस दूर तितकं तिचं धान्य बैलांवर न्यावं लागतं, आणि बैलही वाटेत चारा खातात. जिंकलेल्या पेठेवर बसवलेल्या सामंताची स्वतःची हाव जागी राहते. राजा मेला की भाऊ वाटणी मागतात. आणि ज्येष्ठ १ ला सगळी मोहीम थांबते. तोपर्यंत घरी न पोचलेली फौज परमुलखात चार महिने अडकते.

बातमी

व्यापाऱ्यांच्या भावयादीत आणखी एक रकाना वाढवला की बातम्या फिरू लागतात. लढाई झाली, कोणी मेलं, घाट लुटला गेला: ज्या गावात घडलं तिथे नोंद, आणि मग ती माणसांच्या पायांनीच पुढे. बैलांचा तांडा खऱ्या वाटेवर दिवसाला १५ किलोमीटरच्या आसपास जातो, घोडेस्वार त्याच्या दोन-तीन पट, वारा धरला तर गलबत त्याहून पुढे. प्रत्येक तिसऱ्या हस्तांतरात आकडा थोडा फुगवा: चाळीस शिपाई साठ होतात. नाव मात्र बदलू नका, चुकीच्या नावाने खेळाडू फसवल्यासारखा चिडतो.

कारण दिसू द्या

आतला हिशेब कितीही चोख असला तरी खेळाडूला तो दिसला नाही तर त्याच्यासाठी तो झालाच नाही. प्रत्येक भावावर बोट ठेवलं की एक ओळ यावी: «भात १८. नाणेघाटातून आठ दिवस तांडा नाही.» प्रत्येक ओस घराच्या दारात गेलेल्या कुटुंबाची नोंद असावी: «आश्विनात ठाण्याला गेले.» मीठ संपलं असेल तर मासळी सुकवण्याच्या जागी काही नसावं. २०१० च्या वॉरबँडमध्ये, म्हणजे बॅनरलॉर्डच्याच मालिकेतल्या आधीच्या खेळात, खेड्यातली माणसं माल घेऊन शहराकडे चालत जाताना नकाशावर दिसतात, आणि त्यांना लुटलं की कोणाचं नुकसान झालं हे समजावून सांगावं लागत नाही. इतकं उघड हवं.

गर्दीसाठी आठवडे बाजार ठेवा. चाळीस माणसं आठ दिवस पसरली तर गाव सुनं. तीच महिन्यातून एका दिवशी एका चौकात आणली तर गजबज. दिनक्रमाला पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र एवढे पाच टप्पे पुरतात, आणि भरतीच्या वेळी कोळीवाड्यातला टप्पा इतरांपेक्षा वेगळा असू द्या.

खेळाडूशिवाय दहा वर्षं

सुरुवातीला गोडोसारखं मोफत गेम इंजिन (खेळ बांधण्याचं सॉफ्टवेअर) घ्या, साध्या लॅपटॉपवर चालतं. चित्रं येण्याआधीच हिशेबाचा भाग स्वतंत्र चालला पाहिजे: खेळाडू नाही, पडदा नाही, दहा वर्षं म्हणजे ९६० दिवस, सुसाट वेगाने. दर महिन्याला एक ओळ फाइलमध्ये: प्रत्येक पेठेची लोकसंख्या, भाताचा भाव, जिवंत नावं, कोणाकडे किती गावं. नशिबाचा आकडा (ज्यावरून खेळातल्या सगळ्या नशिबाच्या निवडी निघतात तो, म्हणजे रँडम सीड) बदलून हे वीस वेळा चालवा, आणि तो आकडा फाइलच्या नावात ठेवा, म्हणजे बिघडलेलं जग पुन्हा जसंच्या तसं उभं करता येतं.

वाचताना याकडे पाहा. भाव सलग तीन महिने कमाल मर्यादेला चिकटला तर वाट कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा तांड्याचा मालक मेलेला असतो आणि तांडा वारसाकडे जाण्याचा नियम लिहायचा राहिलेला असतो. सगळं धन एका व्यापाऱ्याकडे साचत असेल तर त्याला खर्चाच्या वाटा द्या: मंदिर, तलाव, लग्न, राजाला कर्ज. वीसपैकी बारा-चौदा वेळा एकच सत्ता जिंकत असेल तर तिचा पुरवठा फार स्वस्त आहे. आणि वीसही जगं दहाव्या वर्षी पहिल्या वर्षासारखीच दिसत असतील तर तुमचे तीन मण कुठेतरी तीस झाले आहेत. बहुधा मासळी भातासारखीच पोटभर मोजली जाते आहे.

लांबच्या गावांचा हिशेब हलका करायचा असेल तर दिवसाऐवजी आठ दिवसांनी एकदा करा, पण सूत्र तेच ठेवा. जवळ आल्यावर वेगळं सूत्र लावलंत तर खेळाडू पोचताच गावात धान्य प्रकट होतं किंवा नाहीसं होतं, आणि हे एकदा लक्षात आलेला खेळाडू पुन्हा कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. त्यासाठी एक चाचणी लिहून ठेवा: दर महिन्याला सगळ्या नकाशावरचं धान्य मोजायचं, पिकलेलं, आलेलं, खाल्लेलं, कुजलेलं आणि पेरलेलं जुळवायचं, आणि एका मणाचाही फरक पडला तर खेळ तिथेच थांबवून कुठल्या गावात पडला ते छापायचं. ती चाचणी वीसही जगांत स्वच्छ गेली की मग पहिला खेळाडू बसवा, सहा माणसं आणि एक मचवा घेऊन, माहीमच्या खाडीत, चैत्राच्या पहिल्या दिवशी.